चार रकान्यांची झोप

थोपटल्यावर मूल का झोपतं, हा प्रश्न संशोधन संस्थेत तीन वर्षं प्रलंबित होता. मुलं मात्र उत्तराची वाट न बघता झोपत होती.

तळमजल्यावरच्या पाळणाघरात मावशी थोपटायच्या आणि मेंदूच्या डॉक्टरीणबाई पडद्यावर त्या चिमुकल्या मेंदूंच्या लहरी बघायच्या. चौथ्या मिनिटाला लहरी संथ, पाचव्याला मूल गाढ. बाईंची स्वतःची आठ महिन्यांची लेक हे त्यातलं सगळ्यात अवघड गिऱ्हाईक. आईच्या हाताला ती काडीची दाद देत नसे. मावशींच्या हाताखाली मात्र गुडूप. बाईंचा अहवाल मंजूर झाला तरच पाळणाघर टिकणार होतं. नाहीतर त्या खोलीत संस्थेच्या अध्यक्षांची सन्मानचिन्हं मुक्कामाला येणार होती.

अहवाल लिपिकाने दोन बोटांनी परत सरकवला.

"बाई, रकाने चार. मेंदू, औषध, विषाणू, लेझर. तुम्ही एकच भरलाय."

"अहो, थोपटण्यात लेझर कुठून आणू?"

"ते झालं विज्ञान. मी फॉर्मबद्दल बोलतोय."

चार विभाग एकत्र केल्यापासून फॉर्मही एकच झाला होता, आणि रिकामा रकाना म्हणजे रिकामा शास्त्रज्ञ. बाईंनी बाह्या सरसावल्या.

लेझर बसवला. मावशींचा हात पाठीपासून किती वर जातो, हे त्याने केसाच्या हजाराव्या भागापर्यंत मोजलं. एकही थाप दुसरीसारखी निघेना. शेरा पडला : 'गुणवत्तेत सातत्य नाही.'

"अगं बाई, रडणं तरी कुठे रोज सारखं असतं?" मावशी म्हणाल्या. या वाक्याला फॉर्ममध्ये जागा नव्हती.

औषधवाल्यांनी मात्रा ठरवली : मिनिटाला चाळीस वेळा, दुधानंतर. शिवाय तुलनेसाठी निम्म्या मुलांना खोटं थोपटायचं होतं. म्हणजे हात यायचा, पण पाठीच्या बोटभर वर थांबायचा. ती मुलं आधी वाट बघत राहिली, मग त्यांनी टाहो फोडला. नोंद झाली : 'न दिलेल्या मात्रेचेही दुष्परिणाम आढळले.'

उरला विषाणू. तो आपल्या पायांनी चालत आला. अहवाल मंजूर करणारी समिती पाहणीला आली, मावशींचा हात सुरू झाला आणि अध्यक्षांना जांभई आली. त्यांची बघून सदस्यांना, सदस्यांची बघून लिपिकाला. पाच मिनिटांत अख्खी समिती पाळण्यांना टेकून घोरत होती.

जाग आल्यावर अध्यक्षांनी तोंड पुसलं आणि निष्कर्ष काढला. "झोप संसर्गजन्य आहे. उगमस्थान, या मावशी."

"साहेब, मी तर तुम्हाला हातही लावला नाही हो!"

"म्हणजे हवेतूनही पसरते," अध्यक्ष म्हणाले. "लिहून घ्या."

मावशींना चौदा दिवस विलगीकरणात ठेवलं. चौदाव्या दिवशी तपासायला गेलेला डॉक्टरही झोपला, तेव्हा त्यांना कायमचं घरी पाठवलं. त्यांच्या जागी रबरी हात आला : लेझरने आखलेला, मात्रेत चालणारा, निर्जंतुक. चारही रकाने भरले. अहवाल मंजूर झाला, पाळणाघर वाचलं. फक्त तिथे आता कुणी झोपत नव्हतं.

बाईंनी रडून लाल झालेल्या लेकीला खांद्यावर घेतलं आणि थोपटू लागल्या.

"बाई, थोपटण्याचा परवाना?" लिपिकाने दारातून विचारलं.

बाईंनी ऐकलंच नाही. लेकीने एक डोळा किलकिला करून हात तपासला. मावशींचा नव्हता, पण रबरी तरी नव्हता. चालेल, असं ठरवून तिने डोळा मिटला.

तेवढ्यात नणंदेचा फोन आला. "वहिनी, तुमच्या संस्थेचा तो हात मागवला गं आम्ही! काय सोय आहे! माझे दोन्ही हात मोकळे."

"मग काय करतेस मोकळ्या हातांनी?"

"तुझ्याच संशोधनाची बातमी वाचतेय. 'स्पर्शाचं महत्त्व'. फार सुंदर लिहिलंय."

फोनमध्ये मागे तिचं बाळ रडत होतं.

हसू नका. हे पान तुम्हीही दोन्ही हातांनीच धरलं आहे.