व्हय म्हाराजा म्हणणारी

दाजीकाकांनी मला ठेवून घेतलं, हे आधी सांगते. नाहीतर त्यांच्या गमती सांगता सांगता तेच राहून जायचं.

मी जालन्याकडची. शाळा सातवीत सुटली. लांज्याला काजू फोडायचं काम आहे म्हणून आले, ते बंद पडलं. तिथल्याच एका बाईनं मला रत्नागिरीजवळच्या वाडीत दाजीकाकांकडे नेलं. काकूंना अर्धांगवायूचा झटका येऊन वाचा गेलेली, मुलं मुंबईला, घरात बाईमाणूस हवं होतं. मी दारात घाबरून उभी. मासे साफ करता येतात का, असं विचारतील आणि मला नाही म्हणावं लागेल, एवढंच डोक्यात. काकांनी चष्मा कपाळावर चढवला आणि विचारलं, "काय गो, आवाज कसा हाय तुजा?"

"बरा आहे."

"बरा नको. अंगणातून गोठ्यात जायला हवा. म्हण बघू, व्हय म्हाराजा."

मी म्हटलं. कामावर लागले.

इकडे कुठल्याही कार्याआधी देवाला गाऱ्हाणं घालतात. एकजण नारळ हातात धरून काय हवं-नको ते देवाला सांगतो आणि जमलेली मंडळी प्रत्येक वाक्याला 'व्हय म्हाराजा' म्हणतात. हे सगळ्या कोकणाचं झालं. पण दाजीकाका कशालाही गाऱ्हाणं घालतात. विहिरीवरचा पंप चालू करताना. गॅसची नवी टाकी लावताना. "बा देवा म्हाराजा, ही टाकी गणपतीपातूर पुरंव रे म्हाराजा." की मी मोरीतून, हातात तांदूळ धुवायचं पातेलं, "व्हय म्हाराजा." दर वेळी नारळ फोडणं परवडायचं नाही, म्हणून एक नारळ राखीव होता. तोच हातात धरायचा, काम झालं की परत फळीवर. पुढं त्याला कोंब फुटला. "ह्याची सगळी गाऱ्हाणी पाठ झाली," असं म्हणून काकांनी तो विहिरीजवळ लावला आणि त्याच्या जागी दुसरा भरती केला.

मुंबईला मुलाला फोन लावतानाही हेच. "उचलू दे रे म्हाराजा." तिथं माझा आवाज आपोआप मोठा व्हायचा.

एकदा मी म्हटलं, "काका, मनातल्या मनात सांगितलं तर देव ऐकत नाही का?"

"एकट्यानं बोललं तर ती कुरकूर गो. दुसरा व्हय म्हणाला की मग गाऱ्हाणं."

"मी यायच्या आधी कोण म्हणायचं?"

काका उठून गुरांकडे गेले. खाटेवर काकूंनी डाव्या हाताचं बोट हळूच वर केलं.

या मे महिन्यात शहरात खाद्यमहोत्सव भरला. आमच्या वाडीतल्या बायकांचाही स्टॉल होता: फणसाची भाजी, घावन, कोकमाचं सरबत, द्रोणातून करवंदं. आणि सुरुवातीला गाऱ्हाणं घालायला दाजीकाकांना बोलावणं आलं. तेव्हापासून काका पेजसुद्धा कोमट करून पिऊ लागले, घसा बसू नये म्हणून. पण घशापेक्षा दुसरीच काळजी त्यांना खात होती.

"शहरातली माणसं. व्हय म्हणतील काय गो?"

"म्हणतील की."

"देवळातच आता निम्मी मोबाइलात असतात. नाय म्हणाली, तर मी तिथं नारळ घेऊन नुसता उभा." आणि मग, "तुजा स्टॉल खुर्च्यांपासून किती लांब?"

त्या दिवशी मी बिडाच्या तव्यावर घावन घालत होते. काका मंचावर गेले. टोपी सरळ केली, नारळ धरला.

"बा देवा म्हाराजा, ह्या आमच्या तांबड्या मातीत जे काय पिकलं, ते आज हितं मांडलंय रे म्हाराजा."

आणि थांबले. मैदान गप्प. माणसं मोबाइल उंच धरून चित्रण करत होती. काकांनी नारळ या हातातून त्या हातात घेतला. पळी तशीच हातात धरून मी ओरडले, "व्हय म्हाराजा."

सरबत गाळणारी वहिनी दचकली. पुढचे लोक मागं वळून हसले. काकांनी मात्र मान वर केली.

"फणसाला गरे, काजीला बोंडं अशीच येत ऱ्हाऊ देत रे म्हाराजा."

या वेळी आमच्या स्टॉलवरच्या सगळ्या बायका. पुढच्या वाक्याला खुर्च्यांवरचे म्हातारे. मग काका म्हणाले, "मुंबईस गेलेली पोरं आंब्याच्या निमित्तानं तरी घरी येऊ देत रे म्हाराजा," आणि सगळं मैदान एका आवाजात म्हणालं. काका आता थांबतायत कसले.

"आनि म्हाराजा, एक पोर हाय. लांबची. तिच्या आयशीच्या हिरीला पाणी ऱ्हाऊ दे. पोरीला भाकरीची आठवण येते, तिला सुखानं घरी जाऊन येऊ दे रे म्हाराजा."

विहिरीचं मी काकांना कधीच बोलले नव्हते. भात जेवून उठलं तरी आईचा भाकरी थापल्याचा आवाज कानात असतो, हेही नाही. हे सगळं मी फक्त काकूंना सांगायचे, दुपारी त्यांची वेणी घालताना, त्या कुणाला सांगू शकत नाहीत म्हणून. काका पडवीत झोपलेत असं मला वाटायचं.

तव्यावरचं घावन करपलं. व्हय म्हाराजा मैदानानंच म्हटलं.

घरी आल्यावर काका काकूंच्या खाटेशी बसले. "सगळी म्हणाली गो," एवढंच म्हणाले. काकूंनी बोट वर केलं.

एक दिवस मी आमच्या गावातल्या मारुतीच्या पारावर नारळ घेऊन उभी राहणार आहे. या दोघांसाठी गाऱ्हाणं घालणार आहे, काकूंच्या वाचेसाठी, काकांच्या मुलांनी फोन उचलण्यासाठी. आमच्याकडे ही रीत नाही, लोक हसतील. पण आईला मी फोनवर आत्तापासून शिकवून ठेवतेय. तिचा आवाज शिवाराच्या त्या टोकाला जातो.