येसराची बीअर आणि मन्मथअप्पा

"ही चिंच म्हणजे धाकटा दीर हाय," मन्मथअप्पा एकदा एका बाईंना म्हणाले. "आधी गोडगोड बोलतो, मागून दात आंबवतो. तुमी दुसरी घ्या." आणि स्वतःच्याच दुकानातली चिंच त्यांनी परत पोत्यात टाकली.

युसूफ वडगावच्या बाजारात अप्पांचं किराणा-मसाल्याचं दुकान, त्याला लागून माझं शिलाईचं. मधे एकच भिंत. त्यामुळे गेली वीस वर्षं मशीन चालवता चालवता मी अप्पांचे निकाल ऐकतोय. डावा डोळा मिटायचा, टाळूला जीभ लावून टक् करायचं आणि चवीचं नातं सांगायचं. जुना गूळ म्हणजे मामा. हिंग म्हणजे आत्या, "लांब असली तरच बरी." डॉक्टरला दाखवावं तशा बायका आमटीचे डबे अप्पांना दाखवायला आणतात. एका लग्नात तर त्यांनी भर मांडवात आचाऱ्याला सांगितलं, "बाबा, तुझी भाजी रुसलीय." मुलीच्या बापाला घाम फुटला.

फक्त एका प्रश्नाला ते सरळ उत्तर देत नसत.

"गौरी काय करती पुण्यात?"

"आंबवण्याच्या कारखान्यात हाय."

"म्हंजी इडलीचं पीठ?"

"तसलंच समजा."

गौरी त्यांची एकुलती लेक, आणि ती बीअर बनवते. अप्पांच्या गळ्यात लिंग, कपाळावर भस्म. घराण्यात कुणी थेंब घेतलेला नाही. बायको गेल्यापासून त्या घरात ते एकटेच.

गेल्या उन्हाळ्यात भर दुपारी त्यांनी मला घरी बोलावलं. "मास्तर, जरा या. साक्षीदार पायजे."

आत गौरी बसली होती. समोर बर्फाच्या डब्यात एक बाटली. आमटीला लावतात तो आपला येसर, भाजलेल्या धान्याचा आणि मसाल्याचा, तो घालून तिनं बीअर केली होती. कारखान्याचे मालक म्हणाले होते, अजून एकदा बघ, नाही जमलं तर नाद सोड.

"शेवटाला कडू लागतंय, अप्पा. कशानं ते कळंना. तिथं कुणी येसर खाल्लेलाच न्हाई. इचारू कुणाला?"

"पण ही बाटली ह्या घरात आणलीस कावून?"

"तुमची जीभ इथं हाय म्हणून."

अप्पांनी बाटली उजेडात धरून पाहिली. मग म्हणाले, "वास घ्यायला हरकत न्हाई." वास घेतला. "आता जिभेला लावली आणि थुंकली, तर ती पिली असं व्हत न्हाई. का मास्तर? का कपिलधारला स्वामींच्या मठात जाऊन इचारून येऊ?"

"तोवर गरम होईल," मी म्हणालो.

वाटीत फेस चढला. अप्पांनी एक घोट तोंडात घेतला, डावा डोळा मिटला आणि मोरीकडे धूम ठोकली. थुंकले, चूळ भरली, परत आले. पुन्हा घोट, पुन्हा मोरी. अशा चार फेऱ्या झाल्या. पाचव्या वेळी मोरीच्या अलीकडेच थबकले. त्यांचा घसा हललेला मला दिसला. गौरीलाही दिसला असणार. ती वहीत बघत होती, मी छताकडे.

"गहू आन् धने एकातच भाजलेस?"

"हो. मशीनमधे, एकत्र."

"मशीनला काय कळतंय? गहू दमानं भाजतो. धने लई भित्रे, लगेच काळे पडतात. येगळे भाजायचे. आन् दगडफूल नखाएवढंच टाक."

"हळू सांगा, अप्पा. लिहून घेते."

अप्पांनी हळू सांगितलं. इतकं हळू, की दोनदा चहा झाला तरी त्यांचं सांगणं संपेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी स्वतः येसर भाजून, दळून, डबा भरून दिला. गौरीची एसटी गेली. आम्ही दोघं दुकानाच्या पायरीवर येऊन टेकलो.

"मास्तर," अप्पा म्हणाले, "सहा वर्सं झाली तिला पुण्याला जाऊन. फोन रोज करती. जेवलात का, गोळी घेतली का, समदं इचारती. पण तिला माझ्याकडून काई लागत नव्हतं. शानी हाय, चुकत न्हाई कुठं. मला वाटलंतं, आपल्याजवळचं आता कुणाच्याच कामाचं न्हाई."

उगीच समजूत काढलेली त्यांना खपत नाही. थोड्या वेळानं ते उठले आणि धोतराच्या सोग्यानं चष्मा पुसत आत गेले.

बीअर जमली. कडूपणा गेला, मालकांनी ठेवून घेतली. गौरीनं कळवलं तेव्हा अप्पा "बरं" एवढंच म्हणाले आणि दिवसभर गिऱ्हाइकांना नको तितके मनुके चाखायला देत राहिले.

मग दसऱ्याच्या सुमारास, बाजारच्या दिवशी, दुकानात ही गर्दी असताना त्यांचा फोन वाजला. त्यांना ऐकायला कमी येतं, म्हणून फोन नेहमी मोठ्या आवाजात. भिंतीपलीकडे मलाही ऐकू आलं.

"अप्पा, सीताफळाची करायची म्हणते. पण शिजवलं की गर कडू पडतो. काय करू?"

अप्पांनी तागडी खाली ठेवली. "थांबा जरा समदे," ते गर्दीला म्हणाले, "कामाचा फोन हाय." आणि मागच्या पोत्यावर मांडी घालून बसले. "हां, सांग. पयल्यापासून सांग."

एका बाईची अर्धा किलो साखर तागडीत तशीच राहिली. बाई पदरानं वारा घेत उभ्या राहिल्या. कुणीच घाई केली नाही.