दोन हजार रुपये प्राप्त झाले!

आधीच सांगतो, माझ्या दुकानात फोनवर पैसे घेत नाहीत. काउंटरवर तशी पाटी आहे, लाल अक्षरात आहे, मराठीत आहे. तरी कंपनीतली ती गळ्यात पट्टे अडकवलेली पोरं येतात, दहा रुपयांचा बिस्किटपुडा उचलतात आणि फोन पुढं करून विचारतात, "काका, स्कॅनर?" पाटी दाखवली की हसतात! वर म्हणतात, "काय राव काका, कुठल्या जमान्यात आहात?"

अरे, कुठल्या जमान्यात म्हणजे? चाकणच्या या रस्त्यावर पहिला स्कॅनर मी लावला! पार कंपन्यांच्या गेटापर्यंत कोणाकडे नव्हता तेव्हा माझ्याकडे होता. पिंपरीच्या कंपनीत सत्तावीस वर्षं क्वालिटी इन्स्पेक्टर होतो मी. अर्ध्या मिलिमीटरनं चुकलेला नट परत पाठवलाय. मी काय मशीनला घाबरणारा माणूस वाटलो?

बरं, स्कॅनर लावला तर लोक काय करतात? माझ्या दुकानासमोर कंपनीची बस थांबते. मोजून दोन मिनिटं. त्या दोन मिनिटांत चाळीस माणसं आत घुसणार, चाळीस फोन माझ्या नाकासमोर नाचणार, "काका, गेले बरं का!" म्हणणार आणि बसमध्ये उडी मारणार. कोणाचे गेले, कोणाचे अडकले, कोणी कालचाच स्क्रीन आज दाखवला, मी कुठं बघू? एक गृहस्थ तर मला आठवडाभर बॅटरी चेक करायचं ॲप दाखवून सिगारेटी नेत होता!

मग माझी मुलगी सई, ती माणला आयटी कंपनीत आहे, तिनं मला तो बोलणारा डबा आणून दिला. "बाबा, पैसे खात्यात आले की हा ओरडून सांगेल. आता कोणी फसवणार नाही." मी खूश! बाहेर ट्रकांचा आवाज असतो म्हणून डब्याचा आवाजही मी फुल्ल करून ठेवला. समोरच्या पंक्चरवाल्यालासुद्धा ऐकू जायचं की सदाशिवशेटकडे पंधरा रुपये प्राप्त झाले. मला काय तो अभिमान!

आता धर्माजी आण्णांबद्दल सांगायला हवं, कारण सगळा घोळ त्यांच्यापाशी आहे. दुकानाचा गाळा त्यांचा. पूर्वी तिथं त्यांचं कांद्याचं वावर होतं, आता तीन गाळे आहेत आणि आण्णांकडे पांढरी गाडी आहे. आमचा करार अकरा महिन्यांचा. तो संपला की आण्णा सकाळी येऊन दुकानाबाहेरच्या बाकड्यावर बसतात, तंबाखू मळतात आणि विचारतात, "काय सदाशिव, धंदापाणी कसं काय?" त्यावर मी रडायचं असतं. ही आमच्याकडची पद्धतच आहे. मी मन लावून रडतो. भरलेली खोकी आदल्या दिवशी घरी नेतो, पुढच्या फळीवर रिकाम्या बरण्या मांडतो, कॉलर विरलेला शर्ट घालतो. आण्णांना ठाऊक असतं की मी खोटं रडतोय, मला ठाऊक असतं की त्यांना ठाऊक आहे, पण दोन तास रडल्यावर भाडं आहे तेवढंच राहतं. पाच वर्षं राहिलं!

आणि तसं राहायला हवंच होतं. या वयात मला कोणती कंपनी कामाला ठेवणार? बसथांब्यासमोरचा हा गाळा गेला तर माझं दुकान गेलं, इतकं सरळ आहे.

तर, करार संपायचा तो दिवस. सकाळी मी विरलेला शर्ट शोधत होतो. बायको, चित्रा, स्वयंपाकघरातून म्हणाली, "अहो, आज भिशी आहे. आम्हा बारा जणींकडून रोख गोळा करायचा वैताग येतो. मी सगळ्यांना तुमच्या दुकानाच्या कोडवर दोन-दोन हजार टाकायला सांगितलंय."

"हं."

"नीट ऐका! या वेळी नंबर रतनकाकूंचा आहे. त्यांचे दोन हजार माझ्याकडे रोख आलेत. संध्याकाळी त्यांच्या हातात चोवीस हजार ठेवायचेत. सोमवारी त्यांना पिंपरीला दातांच्या डॉक्टरकडे जायचंय, कवळी करायला. आणि आण्णांना यातलं अक्षर कळता कामा नये!"

रतनकाकू म्हणजे या धर्माजी आण्णांच्याच पत्नी. बाईच्या तोंडात चार दात उरलेत, तेही समोरासमोर नाहीत. तीन वर्षं भाकरी दुधात भिजवून खातेय. आण्णांकडे कवळीसाठी पैसे मागितले तर हा तीन गाळ्यांचा मालक काय म्हणाला असेल? "ह्या वयात दात कशाला? कुनाला चावायचं हाय?" मला हे ऐकून त्या दिवशी जेवण गेलं नव्हतं, खोटं नाही सांगत. म्हणून काकू अंडी विकून भिशी भरत होती, कोणाला न सांगता.

"कळलं का?" चित्रानं विचारलं.

"हं," मी म्हणालो. शर्ट सापडला होता.

दहा वाजता आण्णा आले. बाकड्यावर बसले. तंबाखू मळली.

"काय सदाशिव, धंदापाणी?"

मी सुस्कारा सोडला. तो मला फार छान जमतो. "कसला धंदा आण्णा! सकाळपासून एक काडेपेटी खपलीय. ती पण उधार."

"दोन हजार रुपये प्राप्त झाले!" डबा गरजला.

आण्णांचा तंबाखू मळणारा अंगठा थांबला. "काडेपेटी लई महाग झाली म्हनायची."

"नाही नाही! ते... हातमोजे! एका कंपनीनं हातमोजे नेले होते मागच्या महिन्यात. आता कुठं पैसे आले बघा."

"दोन हजार रुपये प्राप्त झाले!"

"ह्येबी हातमोजंच का?"

"हा दुसरा हात," मी म्हणालो. काय बोलतोय ते माझं मलाच कळेना!

आण्णा शांतपणे म्हणाले, "पाचशे वाढव भाडं."

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख पडलं. भिशी! सगळ्या बायका सकाळची कामं आवरून एकदम फोन घेऊन बसल्या असणार! मी डबा उचलला आणि आवाजाचं बटण दाबलं. तो आणखी मोठ्यानं ओरडला, "दोन हजार रुपये प्राप्त झाले!" चुकीचं बटण. सत्तावीस वर्षं क्वालिटीत काढलेला माणूस मी! वायर उपटली. "दोन हजार रुपये प्राप्त झाले!" हरामखोराला आत बॅटरी होती! मी डबा पोह्यांच्या पोत्यात खुपसला. पोतं म्हणालं, "दोन हजार रुपये प्राप्त झाले!"

"हजार वाढव," आण्णा म्हणाले. आता ते बोटं मोजत होते. पंक्चरवाला हातातला टायर सोडून येऊन उभा राहिला. बसची वाट बघणारी चार माणसं आत डोकावायला लागली. मी पोत्यावर बसलो. माझ्या बुडाखालून आवाज आला, "दोन हजार रुपये प्राप्त झाले!"

"दीड हजार."

"आण्णा, अहो ऐका तरी!"

"दोन हजार रुपये प्राप्त झाले!"

"दोन हजार! येका तासात माझ्या वर्साच्या कांद्याचं पैसं येत्यात हितं आन् मला काडेपेटीच्या गोष्टी सांगतो व्हय रं? म्हैन्याला दोन हजार वाढव, न्हाईतर गाळा खाली कर. मोबाईलच्या दुकानवाला अनामत घिऊन तयार हाय!"

मार्केट यार्डात कांद्याचा लिलाव चालतो ना, तसा माझा चालला होता, आणि बोली माझाच डबा लावत होता! डोक्याची शीर तडतडायला लागली. पोत्यातून आणखी एकदा "दोन हजार" झालं आणि मी फुटलो. पोत्यावरून उठलो आणि चौकात ऐकू जाईल असा ओरडलो, "अहो, माझे नाहीत ते पैसे! बायकांच्या भिशीचे आहेत! तुमच्या घरच्यांचा नंबर लागलाय! त्यांचेच आहेत ते चोवीस हजार!"

आणि डबा गप्प! गाढवानं नेमकं तेव्हा तोंड मिटलं.

आण्णांनी तंबाखू तोंडात टाकली. "आमच्या रतनीचं?"

मी मान हलवली. आता काय लपवणार होतो?

"म्हंजी माझंच की," आण्णा म्हणाले. खिशातून फोन काढून त्यांनी माझ्यासमोर धरला. त्यांचा स्वतःचा स्कॅनर होता बरं का त्यात! "हिकडं टाक. भाडं हाय तेवढंच ऱ्हाऊ दे. न्हाईतर आजच कुलूप घालतो."

इथं तुम्ही म्हणाल, सदाशिवशेट, तुम्ही बाणेदारपणे नकार दिला असणार. मलाही तसंच सांगायचं होतं. पण मी त्या गाळ्याकडे बघितलं, रिकाम्या बरण्यांकडे बघितलं आणि पाठवले. चोवीस हजार, कमी पडले ते माझे घालून, एका बोटानं. आणि ते जाताना डबा बोलला नाही! येताना गाव गोळा करतो, जाताना मुका! माझ्या आयुष्यातलं सगळ्यात लाजिरवाणं काम मी केलं आणि त्याचा आवाजसुद्धा झाला नाही.

घरी गेलो तर भिशीच्या अकरा जणी हॉलमध्ये बसलेल्या. पंक्चरवाल्यानं बातमी आधीच पोचवली होती. कोपऱ्यात रतनकाकू पदरानं डोळे पुसत होती.

"पाठवलेत?" चित्रानं विचारलं.

"गाळ्याचा प्रश्न होता गं..."

"गाळ्याचा? आणि त्यांच्या खाण्याचा प्रश्न नव्हता? वर्षभर अंडी विकून जमवलेत त्यांनी! पुरुषांनी मागितलं की लगेच काढून द्यायचं, आणि बाईनं स्वतःचे मागितले तर दात कशाला!"

अकरा जणी एकदम बोलायला लागल्या. मी तो सगळा प्रसंग सांगत नाही. एवढंच सांगतो की सोमवारी मी स्वतः काकूंना घेऊन पिंपरीला गेलो, डॉक्टरांपुढं माझ्या खिशातले चोवीस हजार ठेवले, रोख, आणि पावती आणून चित्राला दाखवली. भाडं वाढलं असतं तर अकरा महिन्यांत बावीस हजार गेले असते. म्हणजे बावीस वाचवायला मी चोवीस घालवले! हा हिशेब मी कोणालाच सांगितलेला नाही. तुम्हीही सांगू नका.

परत येताना रिक्षात मी काकूंची माफी मागितली. काकू म्हणाली, "मेल्या, सवताच्या तोंडाला कुलूप घालायचं सोडून माज्या तोंडात दात घालतोयस व्हय!" आणि हसली. मला मात्र हसायला आलं नाही.

महिन्याभरानं कवळी बसली. अशी सुंदर बसली म्हणता! काकू गावभर शेंगदाणे खात फिरायला लागली. डबा मी सईला परत दिला, स्कॅनर फाडला आणि पाटी लावली. आता ती पट्टेवाली पोरं रोज अक्कल शिकवतात, शिकवू देत!

खरा संताप वेगळाच आहे. आण्णा अजून रोज त्या बाकड्यावर येऊन बसतात. गिऱ्हाईक आलं की त्याला थांबवतात, तंबाखू देतात आणि छाती काढून सांगतात, "आमच्या मंडळीला दात करून दिलं! रोख चोवीस हजार मोजलं! आवं, बायकूसाठी मानसानं हात आखडू नये!" लोक वा वा करतात. पंक्चरवाल्याला सगळं माहीत आहे, तोही वा वा करतो. मग आण्णा वळून मला विचारतात, "खरं का न्हाई रं, सदाशिव?"

माझ्या अंगाचा तिळपापड होतो. वाटतं, पोह्यांचं पोतं उचलावं आणि यांच्या डोक्यावर रिकामं करावं!

"खरं आहे आण्णा," मी म्हणतो. पुढच्या महिन्यात करार संपतोय.