पंख नामंजूर असलेले विमान

आमच्या शहरात पहिल्या उड्डाणवीराचे संग्रहालय आहे. त्यात त्यांचे विमान आहे. विमानाला पंख नाहीत. दालन बांधताना विमानाची फक्त लांबी मोजली होती. रुंदी मोजण्याचा आदेश नव्हता. दालन मंजूर झालेले, त्यामुळे चूक पंखांची ठरली आणि ते करवतीने उतरवण्यात आले.

उड्डाणवीराची लेक, आमची शेजारीण आक्का, ऐंशी ओलांडलेली. "डोळे मिटायच्या आधी बाबांचं विमान एकदा पुरतं बघू दे रे," म्हणाली, म्हणून मी तिला घेऊन गेलो.

"पंख कुठायत?" तिने संग्रहालयाच्या साहेबांना विचारले.

"आजी, पंख अतिरिक्त ठरलेत."

"अरे, मग पंखांशिवाय ते उडालं कसं?"

हा प्रश्न साहेबांना फार आवडला. त्यांनी तज्ज्ञ समिती नेमली. समितीने विमानाला प्रदक्षिणा घातली, चहा घेतला आणि एकमताने ठरवले, की बिनपंखांचे यंत्र उडू शकत नाही. सबब ते कधी उडालेच नव्हते. दारावर नवी पाटी लागली: 'उडण्याचा विचार करणारे पहिले गृहस्थ'.

आक्काने काठी आपटली. "मेल्यांनो, मी पाहिलंय! बाबा या समोरच्या तळ्यावरून गेले तेव्हा बदकंसुद्धा खजील झाली होती!"

"बदकांचा लेखी जबाब आहे?" साहेब म्हणाले आणि घरी जायला स्कूटरवर बसले.

स्कूटरवर कापडी छप्पर होते. वाऱ्याने उडू नये म्हणून एका बाजूने खांबाला आणि दुसऱ्या बाजूने स्कूटरलाच बांधलेले. आक्काने मान वर केली. "अगं बाई! ही तर आईच्या हातची शिवण. हेच बाबांचे पंख!" आणि तिने खांबाची गाठ सोडली.

पुढचे खोटे असेल तर माझी जीभ झडो. वारा आला, पंख फुगले आणि स्कूटरसकट साहेब तळ्यावरून पार गेले. बदके पुन्हा खजील झाली. आक्का लहान पोरीसारखी टाळ्या पिटत होती. "उडाले! बाबा, उडाले!"

समिती परत बसली. उड्डाण सिद्ध झाले. आता पाटीवर 'पहिले उड्डाणवीर' म्हणून साहेबांचे नाव आहे आणि दालनात त्यांची स्कूटर. पंख अर्थातच दालनात मावले नाहीत.

गेल्या सुट्टीत तुम्हीही त्या स्कूटरला टेकून फोटो काढलात. कौतुकाने मला दाखवलात. खरं सांगा, ती उडाली कशी, हे विचारलंत कुणाला?