एक चक्कर

डॉक्टरीणबाई बहिणीकडे पत्ते खेळायला गेल्या, फाटक वाजलं, आणि डॉक्टर पलंगावरून असे उठले की पलंगच दचकला. सकाळपासून गुडघा धरून कण्हणारा माणूस तो! पण गुडघ्याचं काय, त्यालाही कळतं घरात कोण आहे आणि कोण नाही.

डॉक्टर दातांचे. गावातल्या अर्ध्या लोकांचं हसू त्यांच्या हातचं. आता दवाखाना मुलगा बघत होता, आणि डॉक्टर गॅरेज बघत होते. गॅरेजमध्ये त्यांच्या वडिलांच्या वेळची निळी गाडी होती. सकाळी एक फोटोवाला ती घेऊन जाणार होता. बागेत उभी करायची, तिच्यात नवरानवरीला बसवायचं आणि फोटो काढायचे. चालते का, हे त्याने विचारलंसुद्धा नव्हतं. डॉक्टरांना तेच फार लागलं होतं.

गाडी विकायची वेळ आली कारण मागच्या महिन्यात डॉक्टरांनी रिव्हर्समध्ये स्वतःचंच फाटक पाडलं होतं. बाईंनी तेव्हाच बजावलं होतं, "पुन्हा स्टिअरिंगला हात लावलात तर मी बहिणीकडे राहायला जाईन. कायमची. आणि मग तुमच्या गोळ्या तुम्हीच शोधा."

यातल्या शेवटच्या वाक्यामुळे डॉक्टरांनी महिनाभर स्टिअरिंगला बोटही लावलं नव्हतं. पण आजची रात्र शेवटची होती.

गॅरेजमागे दोन सावल्या टपून होत्या. एक प्रोफेसर. याने जन्मात शिकवलं नाही, वह्या-पेनांचं दुकान काढलं, पण तिसरीत चष्मा लागला आणि नाव चिकटलं. दुसरा ढोल्या. शाळेत असताना दोन बाकं लागायची त्याला. आता दोरीवर वाळत घातला तर चिमटा लावावा लागला असता. दोघांनी आपापले फोन मुद्दाम घरी ठेवले होते, बायका शोधू नयेत म्हणून.

"वहिनी गेल्या?" ढोल्या कुजबुजला.

"गेली. डाव रंगला की दहापर्यंत हलत नाही."

"मग चल लेका! तोच रस्ता. चौक, पाण्याची टाकी, खिडकी आणि तळं."

खिडकी म्हणताच तिघांच्या चेहऱ्यावर अशी लाली आली की गॅरेजमध्ये दिवा लागल्यासारखं झालं.

सतरा-अठराची वयं होती तेव्हा. उन्हाळ्याची सुट्टी, घरात उकडून जीव जायचा. डॉक्टरांचे वडील घोरायला लागले की ही तिघं गाडी ढकलत कोपऱ्यापर्यंत न्यायची आणि मग चालू करायची. काचा खाली, हात बाहेर, एक आइस्क्रीम तिघांत. कुठे जायचं नसायचं, त्यामुळे उशीर व्हायचा प्रश्नच नव्हता. तळ्याच्या वळणावर कधीकधी मागून एक पांढरी गाडी यायची. दिवे बंद. सुर्रकन पुढे जायची, आणि चालवणाऱ्याची नुसती हॅट दिसायची. प्रोफेसर म्हणे तो विमान चालवणारा आहे. ढोल्या म्हणे पोलिसांचा माणूस आहे. तिघांनी त्याला गुरू मानलं होतं, चेहरा न बघता.

आणि तळ्याच्या जरा आधी ती खिडकी. डॉक्टर हॉर्न वाजवायचे, दोन आखूड, एक लांब. पडदा सरकायचा, मुलगी दिसायची. मग तिचे वडील काठी घेऊन धावत यायचे आणि निळी धूम पळायची. त्याच मुलीशी डॉक्टरांचं लग्न झालं. "माझ्या हॉर्नला ती खिडकीत यायची" हे वाक्य त्यांनी चाळीस वर्षं प्रत्येक पेशंटला ऐकवलं. पेशंटचं तोंड उघडं असायचं, त्यामुळे कुणी शंका काढली नाही.

बाई स्वतः मात्र गाडी चालवत नसत. "आमच्या हिला ब्रेक कुठला आणि बिजागरी कुठली, कळत नाही," डॉक्टर सांगायचे. त्या शेजारी बसायच्या आणि वळण आलं की डोळे मिटून घ्यायच्या.

तर निळी निघाली. स्टार्टर कधीच गेलेला, त्यामुळे उतारावरून सोडली. खोकली, शिंकली आणि चालू झाली.

"आता एक लक्षात ठेवा," डॉक्टर म्हणाले, "ही बंद पडली तर पुन्हा धक्का मारायचा. उतार फक्त आमच्या गल्लीत आहे."

"कोण मारणार धक्का? माझा हर्निया..."

"माझी कंबर..."

"म्हणून म्हणतो, बंद पडू द्यायची नाही!"

सुरुवात तर स्वर्गासारखी झाली. फक्त डावीकडे वळलं की हॉर्न आपोआप वाजायचा आणि गाडी सरळ होईपर्यंत थांबायचा नाही. आणि मागच्या सीटखाली तळाला भोक होतं, त्यावर ढोल्याने फळी ठेवून वर पाय ठेवले होते.

टाकीजवळ डॉक्टरांचा फोन वाजला. बाईच!

"तू घे, तू घे! मी चालवतोय!" डॉक्टरांनी फोन मागे फेकला. प्रोफेसरने झेलला. तेवढ्यात डावं वळण आलं आणि हॉर्न बोंबलायला लागला.

"अहो, गोळी घेतलीत का?"

"वहिनी, मी प्रोफेसर! डॉक्टरांना आत्ता बोलता येत नाहीये!"

"बोलता येत नाही? काय झालं?"

"काही नाही हो! नुसती एक चक्कर..."

धाडकन खड्डा आला. फोन हातातून उडाला, ढोल्याने पाय उचलले, फळी सरकली आणि फोन भोकातून थेट रस्त्यावर.

आता बाईंनी काय ऐकलं ते बघा. बोलता येत नाही. चक्कर. मागे भोंगा. धाड! आणि शांतता. त्यांनी हातातले पत्ते टाकले. जिंकायचे पत्ते होते ते, यावरून समजा.

"ताई, काय गं?" बहिणीने विचारलं.

"ह्यांना चक्कर आली. वाचा गेली. पडले. ॲम्ब्युलन्स बोलव!"

निळी गल्लीच्या तोंडाशी आली तर आत ॲम्ब्युलन्स. गल्ली एवढी अरुंद की मांजराला बाजूने जायची सोय नाही.

"कुणाला तरी न्यायला आलेत बिचाऱ्याला," डॉक्टर म्हणाले. "शेजारचे काका असणार. परवाच फिकट दिसत होते."

"थांबायचं का?"

"थांबलो तर बंद पडेल. अजून एक फेरी मारू, तोवर जाईल."

दुसऱ्या फेरीला गर्दी जमली होती. गर्दीत सगळ्यांत पुढे काका, ठणठणीत.

"काका तर उभे आहेत!"

"मग काकू."

तिसऱ्या फेरीला काकासुद्धा होते, काकूसुद्धा होत्या, आणि दोघं मिळून डॉक्टरांच्या घराकडे बोट दाखवत होते. निळी पुढे निघून गेली.

"डॉक्टर," प्रोफेसर हळूच म्हणाला, "तुझ्या घरात आत्ता कोण आहे?"

डॉक्टरांचा चेहरा पांढराफटक पडला. "ही आली असेल परत! फोनवर आपण धड बोललो नाही. घाबरून घरी आली असेल आणि... अरे देवा! फिरवा गाडी!"

"तूच चालवतोयस!"

"एकेरी रस्ता आहे रे! आख्खी फेरी मारल्याशिवाय घर नाही!" डॉक्टरांनी पाय दाबला. "मरो ती गाडी. बंद पडू दे, फुटू दे. गल्लीशी आलो की मी उडी टाकतो, तुम्ही बघा काय ते."

डोळ्यांत पाणी आणि डाव्या वळणावर हॉर्न, अशा थाटात निळी तळ्याकडे सुटली.

इकडे बाई आणि बहीण घरी पोचल्या होत्या. घरात डॉक्टर नाहीत. पलंगाखाली नाहीत. ॲम्ब्युलन्सवाला विचारतोय, "आजोबा नक्की पडले कुठे?" मग बाईंनी गॅरेजचं दार उघडलं. रिकामं. लांबून हॉर्न ऐकू आला. तो आवाज बाईंना जन्मात विसरणं शक्य नव्हतं.

"चक्कर," बाई दात आवळून म्हणाल्या. "चक्कर आली नाही. चक्कर मारतायत!"

बहिणीची पांढरी गाडी कोपऱ्यावर उभी होती. बहीण चालवायला बसणार, तोच बाईंनी हात पुढे केला. "किल्ली दे."

"ताई! इतक्या वर्षांनी?"

"दे म्हटलं ना."

तळ्याच्या वळणावर ढोल्याने मागे बघितलं आणि डॉक्टरांचा खांदाच धरला. "डॉक्टर... पांढरी गाडी!"

पांढरी गाडी आली. वळणाच्या आतल्या बाजूने आली, सुर्रकन पुढे गेली आणि बरोबर निळीच्या नाकासमोर आडवी थांबली.

"तोच!" प्रोफेसर ओरडला. "गुरू! अजून जिवंत आहे!"

पांढऱ्या गाडीचं दार उघडलं आणि गुरू उतरले. पदर खोचलेला, चष्मा कपाळावर.

"वहिनी!"

डॉक्टर धडपडत उतरले. "अगं, तू बरी आहेस? तुला काही झालं नाही ना?"

"मला काय होतंय? चक्कर तुम्हाला आली होती ना?"

डॉक्टरांना हसावं की रडावं कळेना. त्यांनी तिचा हात धरला, मग त्या गाडीकडे बघितलं, मग वळणाकडे. "हे वळण... तू... असं वळण तर..."

"सांगून टाक ताई आता," बहीण आतून म्हणाली. "बाबाही नाहीत ऐकायला."

"काय सांगायचं त्यात," बाई म्हणाल्या. "तुमचा हॉर्न वाजला की बाबा काठी घेऊन तुमच्या मागे. चांगले कोपऱ्यापर्यंत पळायचे, मग दम खात हळूहळू परत. तेवढ्यात आम्ही दोघी मागच्या फाटकातून बाबांची गाडी काढायचो. माझ्या डोक्यावर बाबांची हॅट."

"म्हणून सासरे म्हणायचे, उन्हाळ्यात उभ्या गाडीतलं पेट्रोल उडतं!"

"आणि तुम्ही मान डोलवायचात."

"म्हणजे तू खिडकीत..."

"बाबा निघाले का ते बघायला यायचे मी."

"माझ्यासाठी नाही?"

"तुमच्यासाठी कशी? पण तुमच्यामुळेच ना! मी काय म्हटलं, इतका वेळेवर येणारा मुलगा हातचा घालवू नये."

डॉक्टरांनी तिच्याकडे बघितलं, पांढऱ्या गाडीकडे बघितलं, आणि हळूच खाली बसले. एव्हाना शोधत शोधत ॲम्ब्युलन्सही मागे येऊन ठेपली होती. "काय झालं, आजोबा?" ॲम्ब्युलन्सवाल्याने विचारलं.

"चक्कर आली," डॉक्टर म्हणाले. "आता खरी आली."

तपासलं, पाणी पाजलं. सगळं ठीक निघालं. निळी मात्र मागे धडधडत उभीच होती. बाईंनी तिच्या बॉनेटवर हात ठेवला.

"सकाळी हिला तो फोटोवाला नेणार, होय ना?"

"हो."

"बसा मग बाजूला. तुम्ही दोघं मागे. आणि ढोल्याभाऊजी, फळीवर पाय ठेवा."

सकाळी फोटोवाला आला तेव्हा गॅरेज रिकामं होतं. पायरीवर ढोल्या बसला होता. तो मधेच कुठेतरी उतरून घेऊन चालत परत आला होता, आणि अजून पायरी घट्ट धरून बसला होता.

"गाडी कुठाय?"

"थांबावं लागेल. वहिनींची चक्कर अजून संपली नाही."

"अरे बापरे! चक्कर? मग डॉक्टरांना बोलवा की!"

"डॉक्टर शेजारीच बसलेत त्यांच्या," ढोल्या म्हणाला. "डोळे मिटून."