मागे फिरलेला कप्तान

भानूला जर्मनीला जाण्यापासून रोखायचं असेल तर तिला 'नीलग्रह की ओर' या मालिकेचा तो भाग दाखवला पाहिजे, असं श्रीनिवासरावांनी रविवारी सकाळी ठरवलं आणि लगेच दाढी केली. भानू ही त्यांची एकुलती एक लेक. शेंद्र्याला एका कारखान्यात इंजिनियर होती आणि कंपनी तिला दोन वर्षांसाठी जर्मनीला पाठवत होती. उपदेश करून झाला होता, छातीला हात लावून बसून झालं होतं, अबोलाही धरून झाला होता. अबोला तर दोन दिवस घरात कुणाच्या लक्षातच आला नव्हता.

तो भाग म्हणजे श्रीनिवासरावांच्या आयुष्याचा पाया होता. पस्तीसेक वर्षांपूर्वी दर रविवारी सकाळी टीव्हीवर ही अवकाशातली मालिका लागायची. मुकुंदवाडीच्या पुढं माळावर त्यांनी नुकतंच घर बांधलं होतं, लग्नही नुकतंच झालं होतं, आणि त्याच आठवड्यात पुण्याच्या एका मोठ्या कारखान्यातून नोकरीचं बोलावणं आलं होतं. जावं की न जावं याचा निकाल काही लागेना, तेव्हा त्यांनी तो कप्तान रणधीरवर सोपवला. रणधीरपुढंही तोच पेच होता. पृथ्वी कायमची सोडून नीलग्रहावर जायचं, की यान मागं फिरवायचं? "तो गेला तर आपणही जाऊ," असं बायकोला, प्रमोदिनीबाईंना, सांगून ते टीव्हीसमोर बसले.

ऐन मोक्याला पडद्यावर मुंग्या आल्या. श्रीनिवासराव गच्चीवर धावले, अँटेनाचा दांडा धरून उभे राहिले आणि खाली ओरडले, "गेला का फिरला?" उत्तर येईना म्हणून पुन्हा पुन्हा विचारलं. मग अंगणातून प्रमोदिनीबाईंचा आवाज आला, "फिरला! मागं फिरला!" ते खाली आले तोवर टीव्ही बंद होता. "संपलं," त्या म्हणाल्या. श्रीनिवासरावांनी पुण्याला नकार कळवला. कप्तान घरी परतला म्हटल्यावर पुढचे भाग बघण्यात राम नव्हता, शिवाय त्यानंतर दर रविवारी प्रमोदिनीबाई नेमक्या त्याच वेळी त्यांना चिकलठाण्याला आपल्या माहेरी घेऊन जाऊ लागल्या. हिला आईची केवढी ओढ, बरं झालं पुण्याला गेलो नाही, असं ते मनाशी म्हणत.

पुढं ते कारखान्यात सुपरवायझर झाले आणि कप्तान रणधीरही त्यांच्याबरोबर कामाला लागला. कुणी नोकरी सोडून परगावी निघाला की श्रीनिवासराव त्याला चहाला न्यायचे आणि यान कसं मागं फिरलं ते सांगायचे. सांगताना त्यांचे डोळे भरून येत, आणि पुष्कळ जण राजीनामा परत घेत. एखाद्यानं ती मालिका खरोखर पाहिलीही असेल, पण सुपरवायझरशी वाद कोण घालणार?

आता तो भाग कुणीतरी जुन्या कॅसेटवरून इंटरनेटवर टाकला होता आणि भानूनंच तो शोधून दिला होता. श्रीनिवासरावांनी साक्षीदार म्हणून कारभारींनाही बोलावलं. हे त्यांच्याच हाताखाली काम करून निवृत्त झालेले, दोन गल्ल्या सोडून राहणारे.

"अहो, कशाला जुनं उकरून काढता?" प्रमोदिनीबाई म्हणाल्या. "चित्रसुद्धा धड दिसणार नाही."

"दिसेल तेवढं पुरे आहे. तू बस इथं."

"माझी भाजी करपेल," म्हणत त्या उठल्या. अजून गॅससुद्धा पेटवलेला नव्हता.

भाग सुरू झाला. यान फारच लहान निघालं. कुकरच्या दोन झाकणांना चंदेरी कागद लावलेला दिसत होता, आणि यंत्रांवर लग्नाच्या मांडवातले दिवे उघडझाप करत होते. भानू ओठ दाबून बसली होती. श्रीनिवासरावांना तेव्हा हे सगळं किती भव्य वाटलं होतं! त्यांना त्या चंदेरी कागदाबद्दल मनापासून वाईट वाटलं.

"आता बघ हं, भानू," ते पुढं सरकले. "इथं आपलं चित्र गेलं होतं. आता तो बटण दाबेल आणि फिरेल."

रणधीरनं बटण दाबलं. यान सरळ पुढं गेलं.

"फिरताना आधी जरा पुढं जावं लागतं," श्रीनिवासराव म्हणाले.

यान ठिपक्याएवढं झालं आणि नाहीसं झालं. संगीत वाजलं, नावं वर सरकू लागली.

"सायेब," कारभारी म्हणाले, "ह्यो तर गेला की!"

"पुढच्या भागात फिरला असेल. लाव गं."

भानूनं पुढचा भाग लावला. रणधीर नीलग्रहावर उतरून माती हातात घेऊन बघत होता. त्याच्या पुढच्या भागात त्यानं घर बांधलं. भानू पळवत पळवत शेवटच्या भागापर्यंत गेली. तिथं रणधीर पांढरी दाढी लावून नातवंडांना सांगत होता, की निघालो नसतो तर जन्मभर पस्तावलो असतो.

"बंद कर," श्रीनिवासराव म्हणाले.

पण कारभारी आता खुर्चीतून उठले होते. "थांबा. मला नाशिकची नोकरी लागली व्हती. क्वार्टरसकट! तुम्ही मला ह्या रणधीरपायी बसवून ठिवलं."

"कारभारी, अहो, माझा हेतू..."

"व्हय, हेतू लई चांगला. आन् त्यो बद्रीनाथ? त्येचं दुबईचं तिकीट आलतं! तुम्ही चहा पाजला, त्यो रडला, तिकीट वापस केलं." कारभारींनी फोन काढला. "बद्रीनाथ, हाय का घरी? आरं, त्यो कप्तान फिरलाच नव्हता! खामखा थांबलो आपण!"

फोनमधून बद्रीनाथचा आवाज खोलीभर ऐकू आला. तो काय म्हणाला ते इथं लिहिण्यासारखं नाही. शेवटचं एवढंच कळलं, की तो निघालाय आणि सोबत त्या वेळचे आणखी दोघं येतायत.

"पण बाबा," भानूनं विचारलं, "तो फिरला असं तुम्हाला सांगितलं कुणी?"

श्रीनिवासरावांनी स्वयंपाकघराच्या दाराकडं पाहिलं, तसं सगळ्यांनीच पाहिलं. प्रमोदिनीबाई पदराला हात पुसत तिथं उभ्या होत्या.

"लाईट गेली होती," त्या म्हणाल्या. "तो गेला का फिरला, मला तरी कुठं दिसलं?"

"मग तू फिरला म्हणालीस ते?"

"तुम्ही वरून तीनदा विचारलंत. तिसऱ्यांदा विचारलंत तेव्हा तुमचा आवाज इतका रडवेला झाला होता, की मला कळलं तुम्हाला जायचं नाहीये. म्हटलं, माणूस उन्हात उभाय, देऊन टाकावं त्याला हवं ते उत्तर."

श्रीनिवासरावांना गच्चीवरचं ते ऊन आठवलं. पुण्याच्या नावानं वाटणारी भीतीही आठवली.

"आणि ते दर रविवारी माहेरी?"

"पुढचे भाग तुम्ही बघू नयेत म्हणून. आई तर कंटाळून गेली होती आपल्याला."

कारभारी खाली बसले. आता भांडण कुणाशी करायचं हे त्यांना समजेना.

"मला वाटलं, तुलाच गाव सोडवत नाही," श्रीनिवासराव हळूच म्हणाले.

"मला?" प्रमोदिनीबाई हसल्या, पण ते हसू काही नीट जमलं नाही. "मी पत्र आलं त्याच दिवशी भांडी पोत्यात बांधून ठेवली होती. तुम्ही विचारलंत तर दिवाळीची आवराआवर म्हणून सांगितलं. त्या रविवारी दुपारी परत फळीवर लावून टाकली सगळी."

श्रीनिवासरावांना ते पोतं स्वच्छ आठवलं. दिवाळीला तेव्हा सहा महिने होते, हेही आठवलं. गावभरच्या माणसांना त्यांनी चहाला नेऊन विचारलं होतं, घरातल्या एका माणसाला तेवढं विचारायचं राहून गेलं होतं.

"भानू," ते म्हणाले, "तू जा. खुशाल जा."

"जाणारच आहे, बाबा." भानूनं आईकडं पाहिलं. "सांगू?"

"मी सांगते. मीपण चालले आहे तिच्याबरोबर. तीन महिने."

"तुझा पासपोर्ट कुठाय?"

"कपाटात आहे. व्हिसासाठी मुंबईला गेले होते, तेव्हा तुम्हाला मुंजीला जाते म्हणून सांगितलं होतं."

बाहेर मोटारसायकली थांबल्याचा आवाज आला. बद्रीनाथ फाटक जोरात वाजवत होता. श्रीनिवासरावांना तो ऐकूही येत नव्हता.

"मीपण येतो," ते म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदाच ते कुठं तरी आपणहून निघाले होते. "माझाही पासपोर्ट काढू. काय म्हणतेस?"

प्रमोदिनीबाईंनी खरंच विचार केला. बराच वेळ केला.

"पुढच्या खेपेला या," त्या मायेनं म्हणाल्या. "या वेळी मला एकटीला जाऊन बघू द्या."

श्रीनिवासरावांना फार वाईट वाटलं. पण तिला थांबवायला त्यांच्याजवळ आता कप्तानसुद्धा उरला नव्हता.