रॅमची उलटतपासणी

"मास्टर, तुमचा हा तपास संपेपर्यंत केंकी दगड होईल," आराबा नवऱ्याच्या कानाशी पुटपुटली. केंकी म्हणजे मक्याच्या आंबवलेल्या पिठाचा उकडलेला गोळा, तासाभरातच आंबट तोंड करतो, तिच्यासारखा.

एबो क्वान्साला ते ऐकू आलं नाही. तो विचार करत होता, आणि तो विचार करू लागला की केप कोस्ट शहरातले सगळे बिघाड जागच्या जागी थरथरतात, असं त्याचं स्वतःचंच मत होतं. इतर लोक कॉम्प्युटर दुरुस्त करत. एबो गुन्हे उकलायचा. दुकानाच्या पाटीवर त्याने तसं रंगवूनच घेतलं होतं. त्यातल्या दोन गुन्ह्यांत प्लग लावायचा राहिला होता, एवढंच पाटीवर मावलं नव्हतं.

आजची केस मुलींच्या शाळेतली. पावाच्या लादीएवढा कॉम्प्युटर दर वीस मिनिटांनी मान टाकत होता. परीक्षेची नोंदणी चारला बंद होणार, आणि सत्तावीस मुलींची नावं अजून भरायची होती. त्यांचे फोटो, दाखले, सगळं त्याच डब्यात. नाव राहिलं की वर्ष गेलं.

एबोने आधी डब्यावरचं लोकरीचं झाकण अदबीने काढून घडी घातली. मुख्याध्यापिका एसिल्फी मॅडमनी ते स्वतः विणलं होतं, मधोमध शाळेचं चिन्ह, या दिवसांत उत्तरेकडून येणारी धूळ बसू नये म्हणून. मग त्याने संशयिताला, म्हणजे रॅमच्या पट्टीला, बाहेर ओढलं.

"स्टिकर नवं, ओरखडे जुने. ही खोट्या नावाने वावरतेय."

बदली पट्टी मोठ्या कॉम्प्युटरची निघाली, खाचेच्या दुप्पट लांब. ते आमिष होतं, असं त्याने सांगितलं. मग लॅपटॉपच्या मापाची बसवली, तपासणी लावली. अर्धा तास एकही चूक नाही. एबोने छाती फुगवली, झाकण पुन्हा घातलं. शाळेची कारकून नावं भरायला बसली, आणि वीस मिनिटांत पडदा काळा.

दुसरा सिद्धान्त असा की दोन कंपन्यांच्या पट्ट्या सवतींसारख्या भांडतात. जुळ्या बसवल्या. तपासणी स्वच्छ, झाकण, काळोख. तिसऱ्या खेपेला त्याने खोडरबराने पट्ट्यांचे सोनेरी दात घासले. पुन्हा तेच. तीन वाजून दहा मिनिटं, आणि एकोणीस मुली बाकी.

कारकून मेन्सिमा छताकडे बघत होती. शिपाई खिडकीबाहेरच्या बकरीकडे. आराबा स्वतःच्या चपलांकडे. तिघंही एकाच ठिकाणी बघायचं टाळतायत, हे खऱ्या गुप्तहेराच्या लक्षात आलं असतं. एबोच्याही आलं, आणि त्याने लगेच चुकीच्या माणसावर, मेन्सिमावर, बोट ठेवलं.

"मॅडम, मी तपासतो तेव्हा यंत्र ठणठणीत. ही खुर्चीत बसली की मरतं."

मॅडमनी चष्मा काढला. मेन्सिमाला त्यांनी एवढंच विचारलं की हे खरं आहे का. सोळा वर्षांच्या नोकरीत तिला असं कुणी विचारलं नव्हतं.

एबोने झाकण उचललं. ते हाताला चांगलंच गरम लागलं. हा पुरावा आहे की काय, असा विचार त्याच्या मनात आला, पण रॅमशी त्याचा संबंध जुळेना, म्हणून त्याने तो सोडून दिला.

मेन्सिमाने ते त्याच्या हातातून काढून घेतलं. डब्यावर घातलं नाही, मांडीवर ठेवलं. खुर्चीत बसून यंत्र चालू केलं, राहिलेल्या एकोणिसांपैकी पहिल्या मुलीचं नाव टाइप करू लागली, आणि मागे न वळता म्हणाली, "प्लीज, मॅडम, तुमच्या झाकणाने त्याचा जीव गुदमरतो. दोन सत्रं झाली, आम्हां सगळ्यांना ठाऊक आहे."